ख्रिस्ती शाळांचा अभ्यासक्रम : शासनाचा किती, शाळेचा किती?

सोलापूर : शहरातील एखाद्या छोट्या ख्रिस्ती शाळेच्या कार्यालयात प्रवेशासाठी येणारे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, शाळेत शिस्त कशी आहे? दुसरा प्रश्न काहीसा आडून येतो : शाळेत बायबल शिकवतात का? पहिल्याचे उत्तर मुख्याध्यापक लगेच देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र राज्यघटनेपासून शाळेच्या वेळापत्रकापर्यंत पसरलेले आहे आणि त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

थोडक्यात सांगायचे तर महाराष्ट्र राज्य मंडळाशी संलग्न असलेल्या ख्रिस्ती शाळेतील पहिली ते दहावीचा अभ्यासक्रम हा शेजारच्या कोणत्याही शाळेसारखाच असतो. पुस्तके 'बालभारती'ची, दहावीची परीक्षा राज्य मंडळाची आणि सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात मोडत असल्याने उत्तरपत्रिकांचा कारभारही पुण्याहून चालतो. पायथागोरसचा सिद्धांत ख्रिस्ती शाळेत निराळा नसतो. मग अशा शाळेला 'ख्रिस्ती' का म्हणावे? व्यवस्थापन कोणाचे, एवढाच त्याचा अर्थ आहे, की शिकवण्यातही काही वेगळेपण आहे? या प्रश्नाचा शोध घेतला असता एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. या शाळांनी अभ्यासक्रमात खऱ्या अर्थाने स्वतःची म्हणून जी भर घातली, तीत बायबलच्या तासापेक्षा बालवर्ग, हस्तव्यवसाय आणि मुलींचे शिक्षण यांचा वाटा मोठा आहे. आज छोट्या शाळांतून सर्वांत आधी हातची जाऊ लागली आहे ती हीच भर.

दोन खात्यांचे वेळापत्रक

मराठी मुलखातील ख्रिस्ती शाळांची परंपरा अमेरिकन मराठी मिशनपासून सुरू होते. बोस्टन येथील मंडळाने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र उघडण्यात आले आणि तेच या मिशनचे मुख्य ठाणे ठरले. १८२७ मध्ये भारतात आलेल्या सिंथिया फरार यांनी मुंबईत व नंतर नगरमध्ये मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले यांनी नगरची ही शाळा पाहिली आणि त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या शाळांच्या वेळापत्रकाला निर्णायक वळण दिले ते १८५४ च्या वूड यांच्या खलित्याने. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले. मात्र शाळेत दिल्या जाणाऱ्या धर्मशिक्षणाची दखल सरकारी तपासनिसाने घ्यायची नाही, अनुदान ठरवायचे ते केवळ लौकिक विषयांतील गुणवत्तेवरून, असे धोरण ठरले. मुंबई इलाख्यात पुढे 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत आली. तपासनीस येणार, मुलांना वाचन, लेखन, गणित विचारणार आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने रक्कम मंजूर होणार, असा हा मामला होता. साहजिकच मिशन शाळेच्या दिवसाचे दोन भाग पडले. एक तपासला जाणारा आणि दुसरा न तपासला जाणारा. पहिल्या भागावर शाळेचा खर्च चालत असे, दुसऱ्या भागासाठी शाळा काढलेली असे. ही विभागणी नावे बदलून आजही कायम आहे.

माध्यमाबाबतही एक निर्णय याच सुमारास झाला. कोलकात्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी इंग्रजी शिक्षणावर भर देत होते. अमेरिकन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना हे मान्य नव्हते. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात आले आणि मिशनच्या शाळा देशी भाषेतूनच चालाव्यात असा आग्रह त्यांनी धरला. मिशनच्या इंग्रजी शाळा त्यानंतर बंद झाल्या. स्थानिक मिशनऱ्यांत आणि पालकांत त्यावरून नाराजी होती. इंग्रजीवाचून सरकारी नोकरी नाही, हे तेव्हाच्या बापालाही कळत होते. मात्र या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की, त्यानंतर काही वर्षांतच, १८६० च्या दशकात, सोलापुरात चार्ल्स हार्डिंग यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी काम सुरू केले तेव्हा शिक्षणाची भाषा मराठी हीच गृहीत होती.

सोलापुरातील बालोद्यान

सोलापूर तेव्हा रेल्वे आणि कापडाच्या जोरावर वाढू लागलेले शहर होते. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तीच पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. विणकामासाठी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे आली, कानडी बोलणारा लिंगायत समाज पूर्वापार होताच. अशा बहुभाषक शहरात अमेरिकन मिशनने मुलींची शाळा उभारली. 'वोरोनोको' हे तिचे नाव आजही सोलापूरकरांच्या तोंडी आहे. मूळचा हा शब्द अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका स्थळाचा आणि त्याहीपूर्वी तेथील आदिवासींच्या भाषेतला. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात एस्थर फाउलर या शिक्षिकेने ही शाळा सांभाळली.

शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्यांनी सोलापुरात किंडरगार्टनचे वर्ग चालविले आणि या पद्धतीने शिकवणाऱ्या मराठी शिक्षिका तयार करण्याची सोयही येथेच केली. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये बाड ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मुलाच्या हाती प्रथम पाटी द्यायची नाही, वस्तू द्यायच्या, हे त्याचे सूत्र. लोकरीचे सहा रंगीत चेंडू ही पहिली देणगी. लाकडी गोल, नळकांडे आणि ठोकळा ही दुसरी. आठ लहान ठोकळ्यांत विभागलेला मोठा ठोकळा ही तिसरी. याच क्रमाने पुढे घड्या घालणे, विणणे, मातीकाम, कागद कातरणे, गाणी आणि गोलात उभे राहून खेळावयाचे खेळ येतात. अंकगणिताची ओळख ठोकळ्यांतून होते, अक्षरांची घाई नसते.

येथे एक गमतीचा भाग नोंदविण्यासारखा आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मोठ्या श्रद्धेने भारतात आणलेल्या याच किंडरगार्टनवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये नास्तिकतेच्या आणि समाजवादाच्या संशयावरून बंदी घातली होती. ती १८६० मध्ये उठली. फ्रोबेल त्याआधीच, १८५२ मध्ये, निधन पावला होता.

मराठीत ही पद्धत आणण्याचे श्रेय एकट्या सोलापूरचे नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टनचा अभ्यास केला आणि मराठीतून त्या धर्तीची पाठ्यपुस्तके तयार करण्याचे कामही हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदनामागे ही तयारी होती. पुढे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले आणि ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे केलेल्या कामातून बालवाडी व अंगणवाडी हे शब्द घरोघरी पोहोचले. गिजुभाई व ताराबाई यांची प्रेरणा प्रामुख्याने माँटेसोरी यांची होती, फ्रोबेलची नव्हे. तरीही लहान मुलांना शिकवण्यासाठी बाईला वेगळे प्रशिक्षण लागते, ही कल्पना सोलापूरसारख्या गावात त्याआधीच रुजलेली होती, हे विसरता येत नाही. पंतोजी आणि छडी यांच्या जमान्यात ही साधी गोष्ट नव्हती.

दुष्काळ आणि सुतारशाळा

मिशन शाळांच्या अभ्यासक्रमात दुसरी मोठी भर घातली ती दुष्काळांनी. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने भोगले. अनाथ मुले मोठ्या संख्येने मिशनच्या वसतिगृहांत आली. या मुलांना केवळ लिहिण्यावाचण्याचे शिक्षण देऊन भागणार नव्हते. घर नाही, जमीन नाही, अशा मुलाला शाळा सुटताच पोट भरता आले पाहिजे, या गरजेतून सुतारकाम, विणकाम, शिवणकाम वेळापत्रकात शिरले. अहमदनगरला तर डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने सुधारित हातमाग तयार केला. विणकरांच्या सोलापूरशी या कामाचे नाते सांगायला नकोच.

अर्थात या हस्तव्यवसायाकडे पालक व विद्यार्थी नेहमीच आदराने पाहत होते असे नाही. ज्यांच्या वाडवडिलांना जातीने हातकाम नेमून दिले होते, त्यांना शाळेतही पुन्हा तेच नको होते. त्यांना कारकुनी हवी होती, मास्तरकी हवी होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन प्राथमिक शिक्षक होणे हे त्या काळातील दलित ख्रिस्ती तरुणाचे स्वप्न असे आणि मिशनच्या अध्यापक वर्गांनी अनेकांचे ते पूर्णही केले. १९१९ मध्ये ए. जी. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भारतातील ग्रामीण मिशन शाळांची पाहणी केली. या शाळांचे शिक्षण फारच पुस्तकी झाले आहे आणि ते खेड्यातील जीवनाशी जोडले गेले पाहिजे, हा त्याचा सूर होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये वर्ध्यात मांडली गेलेली नई तालीम निराळ्या वाटेने पण जवळपास त्याच ठिकाणी येऊन पोहोचली. शिकवणाऱ्याला हातकाम हवे आणि शिकणाऱ्याला परीक्षा हवी, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

प्रार्थना, संमती आणि घटना

बायबलच्या तासाचा वादही जुनाच आहे. शारदा सदन हे धर्मशिक्षणापासून अलिप्त राहील असे रमाबाईंनी जाहीर केले होते. मात्र त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेला काही मुली स्वखुशीने बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. मुलीची इच्छा महत्त्वाची की पालकाची संमती, हा तेव्हाचा पेच होता.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या पेचाचे उत्तर अनुच्छेद २८ मध्ये दिले आहे. पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येते. पण कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीखेरीज त्या तासाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. हा हक्क अनिर्बंध नाही. १९५८ चे केरळ शिक्षण विधेयक प्रकरण असो की २००२ चा टी. एम. ए. पै खटला, सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व कायम ठेवले आहे. चालविण्याचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे आणि शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी शासनाला नियम करता येतात. धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असेही न्यायालयाने २००२ मध्येच अरुणा रॉय यांच्या याचिकेवरील निकालात म्हटले आहे.

प्रत्यक्षात काय घडते? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. सोलापूरसारख्या शहरात ख्रिस्ती शाळेच्या वर्गात बहुसंख्य मुले ख्रिस्तेतर असणे अपरिहार्य आहे. त्यामुळे बहुतेक शाळांत ख्रिस्तीपण दिसते ते परिपाठात. एखादी सर्वसमावेशक प्रार्थना, एखादी बोधकथा, डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम. ख्रिस्ती मुलांसाठी काही शाळांत धर्मशिक्षणाचा आणि उरलेल्यांसाठी त्याच वेळी मूल्यशिक्षणाचा तास ठेवला जातो. प्रत्यक्ष बायबलचे पद्धतशीर शिक्षण मात्र शाळेऐवजी चर्चच्या रविवारच्या शाळेत होते. तेथे वयानुसार गट असतात, पाठांतर असते आणि नारायण वामन टिळकांची गीते आजही गायली जातात. परिपाठाचा वेळ तरी किती? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, २०२३ पासून राज्यगीत, दिनविशेष, बातम्या. या सर्वांतून प्रार्थनेच्या वाट्याला जी काही मिनिटे उरतात, त्यांच्यावरून जितकी चर्चा होते तितका त्यांचा आवाका नाही.

चार अधिकारी, एक शाळा

बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच आवारात शिक्षण देणारी शाळा पालकांना सोयीची वाटते. कागदावर मात्र ती एक शाळा नसते. बालवाडीला अनुदान नाही. प्राथमिक शाळा शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या देखरेखीखाली, माध्यमिक विभाग जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक), तर कनिष्ठ महाविद्यालयाचे काम शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयाशी. एकाच जिन्यावरून वर जाणारे मूल या सर्व दप्तरांतून प्रवास करीत असते. छोट्या संस्थेत हे सारे कागद बहुधा एकच लिपिक सांभाळतो. कनिष्ठ महाविद्यालयासाठी वेगळी मान्यता, प्रयोगशाळा व पात्र अध्यापक लागत असल्याने बहुतेक छोट्या शाळा दहावीलाच थांबतात.

भाषांचा प्रश्न सोलापुरात अधिक गुंतागुंतीचा आहे. येथे महापालिकेच्याच मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू माध्यमाच्या शाळा राहिल्या आहेत. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा 'मातृभाषेतून शिक्षण' या वचनाचा अर्थ काय लावायचा, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली आला. त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजी वर्ग वाढले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा वाढला तसा जुन्या मराठी माध्यमाच्या मिशन शाळांचा पट घटू लागला. अँडरसन यांनी केलेली मराठीची निवड शाळांना अशी दीडशे वर्षांनी महाग पडली आहे. दुसरीकडे २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली, ती इंग्रजी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळांनाही लागू आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले. राज्यभर विरोध झाल्यानंतर २९ जून २०२५ रोजी ते मागे घेण्यात आले. पाचवीपासून हिंदी ही जुनी घडी त्यामुळे कायम राहिली.

दहावीच्या पातळीवर तर शाळेच्या निवडीला जवळपास वाव उरत नाही. तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे असे ६०० गुण, त्यातील सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी. आरोग्य व शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, स्वविकास व कलारसास्वाद या विषयांना श्रेणी मिळते. ज्याला गुण नाहीत त्याचा तास गणिताकडे वळविण्याचा मोह कोणत्याही शाळेला होतो आणि ख्रिस्ती शाळा त्याला अपवाद नाहीत.

पट घटला की काय जाते?

छोट्या शाळेची खरी अडचण येथून सुरू होते. अनुदानित शाळेला किती शिक्षक मिळणार हे दरवर्षी पटावरून, म्हणजे संचमान्यतेने, ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष नव्याने ठरविण्यात आले आणि कमी पटाच्या शाळांच्या चिंतेत भर पडली. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक मात्र त्या वर्गांची पटसंख्या १०० हून अधिक असेल तरच. म्हणजे एका तुकडीच्या छोट्या शाळेत चित्रकला, सुतारकाम, शिवण किंवा मातीकाम शिकवण्यासाठी कोणी वेगळा शिक्षक असावा अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. कधी काळी ज्या शाळांनी मराठी मुलाच्या हाती करवत आणि माती दिली, त्यांच्यातील 'कार्यानुभव' हा विषय आज अनेकदा घरून करून आणलेल्या वस्तूवर भागतो. ती वस्तूही कोपऱ्यावरच्या दुकानात तयार मिळते.

अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती न्यासाच्या प्रकरणात दिला. त्यामुळे २५ टक्के राखीव प्रवेशाची अट या शाळांवर नाही. ही सवलत की तोटा, याबद्दल संस्थाचालकांतच दुमत असू शकते. एकीकडे स्वायत्तता राहते. दुसरीकडे गरीब वस्तीतील मुले शाळेकडे येण्याचा एक मार्ग बंद राहतो, आणि मिशन शाळांची उभारणीच मुळात या मुलांसाठी झाली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने प्रमती निकालाच्या अचूकतेबद्दल शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातीलच अंजुमन इशाअत-ए-तालीम न्यासाच्या या प्रकरणात सेवेतील शिक्षकांना पात्रता परीक्षा, म्हणजे 'टीईटी', बंधनकारक ठरली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक करण्यात आले. अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांचे काय, हा मुद्दा मोठ्या पीठाच्या निर्णयावर सोडण्यात आला.

परदेशातील 'ख्रिश्चन स्कूल'ची वर्णने वाचून येथील शाळांबद्दल अंदाज बांधणे मात्र चुकीचे ठरते. अमेरिकेत चर्चशी जोडलेल्या छोट्या खासगी शाळा बालवर्गापासून बारावीपर्यंत स्वतःचाच अभ्यासक्रम निवडू शकतात. १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेली 'अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' ही पद्धत किंवा फ्लोरिडातील 'अबेका' प्रकाशनाची पुस्तके तेथे वापरली जातात. इतिहास, विज्ञान, भाषा हे सारे विषय बायबलच्या दृष्टिकोनातून मांडलेले असतात. काही पुस्तकांतील जीवविज्ञानावर तेथील विद्यापीठांनीही आक्षेप घेतले आहेत. महाराष्ट्रात राज्य मंडळाची दहावी द्यायची तर असे स्वातंत्र्य संभवत नाही, आणि येथील जुन्या ख्रिस्ती शाळांनी ते मागितल्याचेही दिसत नाही. त्यांची परंपरा समाजापासून वेगळे होण्याची नसून समाजाच्या परीक्षेत आपल्या मुलांना बसविण्याची आहे.

या सर्व साखळीत शाळेला खराखुरा वाव राहिला आहे तो बालवर्गात. तेथे ना मंडळाची परीक्षा, ना गुणपत्रिका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला असून खेळ, वस्तू हाताळणे व बोलीभाषेतील गोष्टी यांवर भर देण्यास सांगितले आहे. फ्रोबेलच्या ठोकळ्यांशी परिचित असलेल्या शाळेला यात नवे असे फार थोडे आहे. अडचण धोरणाची नाही. बालवाडीच्या ताईचे मानधन संस्थेला स्वतःच्या जमेतून, म्हणजे पालकांच्या शुल्कातून, द्यावे लागते, आणि शुल्क देणारा पालक तासाचा हिशेब मागतो. प्रवेशाच्या टेबलापाशी शिस्त आणि बायबल यांच्यानंतर येणारा तिसरा प्रश्न हाच असतो : मूल लिहायला केव्हा लागेल? शेजारच्या शाळेत छोट्या गटातच एबीसीडी आणि शंभरपर्यंत अंक होतात, हेही तो सांगतो. मग ठोकळ्यांची पेटी कपाटात जाते आणि चार वर्षांच्या मुलाच्या दप्तरात चौकटीची वही येते.